देव मानणाऱ्या माणसांचं एनआयसीयू : एका बॅटरीवाल्या बापाचा रिव्ह्यू

ज्या हॉस्पिटलच्या एनआयसीयूबद्दल, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूबद्दल लिहितोय, त्याचं नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मिरजेतलं आहे, एवढं पुरे. कौतुक आहे तशा तक्रारीही आहेत, आणि पोरीची तपासणी अजून तिथंच चालू आहे. उगाच कुणाशी वाकडं कशाला घ्यायचं? तसंही मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. वानलेस साहेबांनी १८९४ साली इथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून बेळगाव-विजापूरपासून पंढरपूरपर्यंतची माणसं आपापली दुखणी घेऊन मिरज स्टेशनावर उतरतायत. तुम्ही जिथं जाल तिथं खाली लिहिलेल्या गोष्टी बघा आणि विचारा, म्हणजे माझं काम झालं.

माझं तासगाव तालुक्यात इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. मशीन बरं चाललंय की नाही आणि समोरचा माणूस थापा मारतोय की खरं सांगतोय, एवढं कळतं. आमची मुलगी २८व्या आठवड्यात आली, वजन १०४० ग्रॅम. ज्या नर्सिंग होममध्ये बायकोचं नाव घातलेलं होतं, तिथं फुफ्फुसं पक्की व्हायचं इंजेक्शन वेळेत दिलं, ते त्यांचं बरोबर. पण मोठ्या ठिकाणी हलवू का, म्हणून विचारलं की एकच उत्तर: "सगळं देवाच्या हातात आहे, आपण प्रयत्न करू." कळा वाढल्या, डिलिव्हरी तिथंच झाली आणि मग धावाधाव. इतकं लवकर येणारं बाळ पोटात असतानाच मोठ्या हॉस्पिटलला न्यावं, बाहेर आल्यावर अँब्युलन्समधून नेण्यापेक्षा ते केव्हाही बरं, हे मला मिरजेत कळलं. म्हणजे देवाच्या हाती द्यायच्या आधी एक फोन करायचा राहून गेला होता.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंचं पहिलं बोलणंच वेगळं होतं. बाई स्वतः देवभोळ्या म्हणाव्यात इतक्या देवाच्या. केबिनमध्ये तुळजाभवानीचा फोटो, त्यावर रोजचं ताजं फूल. पण मला समोर बसवून त्यांनी आधी वही उघडली. गेल्या वर्षी या वजनाची किती बाळं आली, किती घरी गेली, किती गेली, कुणाच्या डोळ्यांचा प्रॉब्लेम झाला, कुणाच्या मेंदूत रक्तस्राव झाला, सगळं बोट ठेवून वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "पुढचे तीन दिवस फुफ्फुसाचे, मग दोन आठवडे इन्फेक्शनचे. त्याच्यापुढचं त्याच्यापुढं बघू. आणि घरचं जे काही देवाचं असेल ते करा, मीपण करते." माझ्या दृष्टीनं या हॉस्पिटलचे अर्धे मार्क तिथंच पडले. देवाचं नाव दोन्हीकडं निघालं. एकीकडं ते दार लावून घ्यायला काढलं होतं, दुसरीकडं सगळा हिशेब मांडून झाल्यावर.

बाळांच्या आयसीयूतली माणसं चमत्कार मानतात का? माझ्या पाहण्यातली तरी बहुतेक सगळी मानत होती. इन्चार्ज सिस्टर केरळच्या, मिरजेत वीसेक वर्षं काढलेल्या, मराठी फर्मास पण "ळ" जरा जादाच. रात्रपाळीची सिस्टर जतकडची, गुरुवारचा उपास करणारी. आया-मावशी ज्योतिबाच्या. मॉनिटर-व्हेंटिलेटर बघणारा पोरगा तेवढा म्हणायचा, आपण काही मानत नाही. पण ड्यूटी "शांत आहे" हा शब्द तोही तोंडातून काढत नसे. कुणी नवख्यानं काढला तर सगळ्यांनी त्याच्याकडं असं बघायचं, जसा काही त्यानं ऑक्सिजनचा कॉकच बंद केला!

वेटिंगमध्ये रात्री झोप लागत नाही आणि मोबाईल हातातून सुटत नाही. तिथं मी २००८ सालच्या एका अमेरिकन सर्व्हेचे आकडे वाचले. डॉक्टरांनी हात टेकले तरी देव माणसाला वाचवू शकतो, असं मानणारे सामान्य लोक निघाले ५७.४ टक्के, आणि अपघातग्रस्तांवर उपचार करणारे डॉक्टर-नर्स वगैरे १९.५ टक्के. आमच्या त्या मजल्यावर हाच प्रश्न विचारला असता तर दुसरा आकडा पहिल्याच्या वर गेला असता, असा माझा अंदाज. दिवसभर किलोभराची पोरं हाताळायची, त्यातली काही सगळं नीट करूनही जायची आणि काही कशीकशी तरून घरी जायची. ते बघून माणूस पार कोरडा कसा राहील?

तिथला एक चमत्कार तर मजल्यावर पाठच होता. जायच्या वाटेवर घरी गेलेल्या बाळांचे फोटो लावलेत, त्यात एक दोन वेण्यांची शाळेच्या ड्रेसातली पोरगी आहे. तिची गोष्ट मला मावशींनी सांगितली तेव्हा पोरगी जन्मली साडेपाचशे ग्रॅमची. जतच्या सिस्टरच्या तोंडून ती सहाशेची झाली. दोघींचंही म्हणणं एकच, की डॉक्टरांनी आशा सोडली होती, घरच्यांनी कपडे आणले होते, आणि पहाटे बाळानं स्वतःहून श्वास घेतला. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "रजिस्टरला ७१० आहे." मग एक एक उलगडून सांगितलं. त्या पोरीचे दिवस चुकीचे धरले होते. २६ आठवडे समजत होते, निघाले २९. वजन कमी, पण फुफ्फुसं-मेंदू तीन आठवडे जास्त पिकलेले, आणि वजनापेक्षा आठवड्यांना किंमत जास्त. त्यात मुलगी, इतक्या लवकर आलेल्यांत मुली मुलग्यांपेक्षा चिवट असतात. त्यात एकटी, जुळ्यातली नाही. आणि आईला इंजेक्शनचे डोस पुरे मिळालेले. २००८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हजारो बाळांचा अभ्यास करून नेमक्या याच पाच गोष्टींवर बाळाच्या जगण्याचा अंदाज बांधायची रीत काढली, हेही त्यांनीच सांगितलं.

मी म्हटलं, म्हणजे चमत्कार नव्हता तर. बाई म्हणाल्या, "तसं नाही. एवढं सगळं धरूनही त्या रात्री ती जायला हवी होती. का नाही गेली, मला सांगता येत नाही. फाईलमध्ये मी 'प्रकृतीत सुधारणा' लिहिलं. मावशी काय म्हणतात ते त्यांचं." आणि लगेच आमच्या पोरीचा एक्सरे दाखवायला लागल्या.

आमच्या पोरीला पहिल्या दिवशीच सरफॅक्टंट दिलं. फुफ्फुसातले बारीक फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आतून जो साबणासारखा थर लागतो, तो लवकर आलेल्या बाळांत पुरेसा नसतो; तोच बाहेरून नळीनं सोडतात. कुपी पाच आकडी किमतीची आणि इवलीशी. पण मला लिहायचंय ते किमतीबद्दल नाही. हे औषध डुकराच्या किंवा गाईच्या फुफ्फुसापासून काढतात, आणि ते या लोकांनी सही घ्यायच्या आधी स्पष्ट सांगितलं. कुठल्या कंपनीचं आज स्टॉकला आहे आणि ते कशाचं आहे, तेसुद्धा. माझी आई माळकरी, कांदा-लसूणसुद्धा चतुर्मासात बंद. शेजारच्या काचेच्या पेटीतल्या (इन्क्युबेटर म्हणतात तिला) बाळाचे आजोबा विजापूरकडचे, पाच वेळचे नमाजी. दोघांनाही तोच कागद. आजोबा एवढंच म्हणाले, "जान बचानी है तो सब चलता, डाक्टर साब." आईनं माळेला हात लावला आणि म्हणाली, "पांडुरंगाला काय कळत नाही व्हय? लाव म्हणावं लवकर." पुढं आईनं बाईंना "तुमच्या औषधानं चमत्कार केला" म्हटलं, तेव्हा बाईंनी केनेडींची गोष्ट सांगितली. १९६३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांना मुलगा झाला, साडेचौतीस आठवड्यांचा, दोन किलोच्या वरचा, आमच्या पोरीच्या दुप्पट. याच फुफ्फुसाच्या आजारानं ३९ तासांत गेला. हे औषध तेव्हा नव्हतं. जपानमध्ये फुजिवारा डॉक्टरांनी ते पहिल्यांदा बाळांना यशस्वीपणे दिलं ते १९८० साली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "मग त्या जपान्याला बुद्धी कुणी दिली?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजून नाही.

स्वच्छता. इथं पाचात पाच. घड्याळ, अंगठी, बांगडी, मनगटावरचा दोरा, सगळं दाराबाहेर. कोपरापर्यंत हात धुवायचे, भिंतीवर पायऱ्यांचं चित्र, आणि मावशी शेजारी उभ्या. त्यांना चुकवून आत जाणं आमदारालाही जमणार नाही. माझ्या हातात नवसाचा लाल दोरा होता. कापायला जिवावर आलं तर मावशीच म्हणाल्या, "बाबा, देव मनगटावर नसतो. कापा आणि खिशात ठेवा." ज्योतिबाच्या चैत्रवारीला न चुकता जाणारी बाई हे बोलते, म्हटल्यावर मी कात्री घेतली.

इन्चार्ज सिस्टरांची जपमाळ मी जवळून पाहिली. औषधं देतात तसल्या झिपच्या प्लास्टिक पाऊचमध्ये, ड्रेसच्या खिशात. ड्यूटीवर येताना त्या पाऊच स्पिरिटच्या कापसानं चारी बाजूंनी पुसायच्या, मग खिशात टाकायच्या, मग हात धुवायच्या. मणी बाहेर कधी काढले नाहीत. नळी घालायला त्रास देणारं बाळ असलं की काम झाल्यावर कापडावरूनच खिसा चाचपायच्या. आई तासगावच्या गणपतीचा अंगारा घेऊन आली तेव्हा त्यांनी तसलाच एक पाऊच दिला. "आत नाही, आजी. फाईलला लावू." अंगाऱ्याची पुडी पाऊचमध्ये आणि पाऊच फाईलच्या क्लिपला. विजापूरच्या बाळाच्या फाईलला दर्ग्यातला ताईत तसाच लटकत होता. माझी आई आणि त्या बाळाची आजी मिळून मिरासाहेबांच्या दर्ग्याला जाऊन आल्या होत्या, तिथला तो. मी दुसऱ्या एका ठिकाणी, नाव नको, पेटीत बाळाच्या उशाला अंगाऱ्याची पुडी ठेवलेली पाहिलीय. ती बघून तिथल्या नर्सनं नमस्कार केला होता. त्या नर्सची श्रद्धा कमी नव्हती, पण माझं बाळ मी तिच्या हाती देणार नाही.

पाचवी आठवते. आमच्याकडं पाचव्या रात्री पाटा-वरवंटा पूजतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात; सटवाई येते आणि बाळाच्या नशिबाचं लिहून जाते. आई कागद-पेन घेऊन दाराशी उभी, पाटा-वरवंटा तर आणणार कुठून? जतची सिस्टर बाहेर आली. आईला वाटलं आता ही रागावणार. तिनं बाळाच्या पायाशी असतो तो मोठा तक्ता आणून दाखवला: तासातासाचे ठोके, ऑक्सिजन, ताप, किती मिली दूध, किती लघवी. म्हणाली, "आजी, आमच्याकडं सटवाई दर तासाला येते आणि लिहून जाते. ह्यो बघा कागद." आईनं त्या तक्त्यालाच लांबून हळद-कुंकू दाखवलं. सिस्टरनं पण हात जोडले, आणि तक्ता पुसून परत नेला.

आता लाईटचं. इथं माझ्यातला दुकानदार जागा झाला. दुपारी मी पोरीला छातीवर घेऊन बसलो होतो. कांगारू म्हणतात त्याला. १९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या हॉस्पिटलात पेट्या पुरेनात म्हणून तिथल्या डॉक्टरांनी बाळं आईच्या छातीला बांधायला सुरुवात केली आणि बाळं उलट जास्त जगायला लागली. आता बापालाही बसवतात. तर बसलो होतो आणि लाईट गेली. जनरेटर सुरू व्हायच्या आधीची काही सेकंद यूपीएसनं धरायची असतात. तो धरेना. बाळांना ऊब देणारे वॉर्मर विझले, एसी बंद, दोन मॉनिटर काळे, बाकीचे आतल्या बॅटरीवर ओरडायला लागले. छातीवर पोरगी, नाकात नळी. मी बॅटरीवाला, पण जागचं हलता येईना. त्या काही सेकंदांत मी इन्चार्ज सिस्टरांकडं बघत होतो. तोंडातून "एंडे ईशोये" (माझ्या येशू) निघालं, आणि ते निघेपर्यंत उजव्या हातात श्वास द्यायचा हातफुगा आला होता, डाव्या हातानं व्हेंटिलेटरवरच्या बाळाची नळी धरलेली, नजर त्याच्या छातीवर. पलीकडं वॉर्डबॉय मामा "विठ्ठल विठ्ठल" करत पॅनेलकडं पळाले. जनरेटर आला, सगळं चालू झालं, कुणी काही बोललं नाही. सिस्टरांनी हात धुतले आणि खिसा चाचपला.

मी दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सवाल्याला गाठलं. बॅटरी बँक दाखव म्हटलं. दोन एसएमएफ (पाणी घालावं न लागणाऱ्या, सीलबंद) बॅटऱ्या अंडं गिळल्यागत फुगलेल्या, टर्मिनलला पांढरी बुरशी, आणि लोडवर शेवटची टेस्ट कधी केली त्याची नोंद कुठंच नाही. भंडाऱ्याचं मला डोक्यातून जात नव्हतं. ९ जानेवारी २०२१, जिल्हा रुग्णालयातल्या बाळांच्या विभागाला पहाटे आग लागली, दहा बाळं गेली, सात वाचवता आली. मी मॅनेजमेंटला लेखी दिलं. बॅटऱ्या बदलल्या, हे मान्य करतो. पण एका गिऱ्हाईकानं सांगेपर्यंत बदलल्या नव्हत्या, त्याचा अर्धा स्टार कापला. नर्सच्या तोंडात देवाचं नाव असलं तरी माझी काही तक्रार नाही. मेंटेनन्सच्या तोंडात असलं की मात्र माझ्या पोटात गोळा येतो. "आजपर्यंत कधी काय झालं नाही साहेब, देवाची कृपा" हे वाक्य मी त्या पॅनेलरूममध्ये ऐकलं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. विजापूरच्या बाळाला पोटात इन्फेक्शन झालं, आतडं खराब झालं. ऑपरेशन झालं, तरी उतरतच गेलं. राऊंडनंतर एक नवशिका डॉक्टर त्याच्या बापाला दारातच म्हणाला, "आता चमत्कारच वाचवेल." त्याला म्हणायचं होतं, आशा नाही. बापानं ऐकलं, चमत्कार वाचवेल. तो बाप त्याच संध्याकाळी गावी गेला, बायकोचा दागिना मोडून आला आणि काउंटरला पैसे भरून आला. कुणी मागितले नव्हते. गेटवर एक ताईतवाला बसायचा, त्यानंही त्याला हेरला, "डॉक्टर जिथं थांबतात तिथनं आपलं सुरू होतं" म्हणून. (२०१३चा जादूटोणाविरोधी कायदा असल्या तथाकथित चमत्कारांवर पैसे उकळणाऱ्यांसाठीच आहे. सिक्युरिटीला ते सांगितलं तर तो म्हणाला, फूटपाथ महानगरपालिकेचा आहे.)

डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आई-बाप-आजोबांना आत बसवलं. दार उघडं होतं, मी औषधाच्या पिशवीसाठी बाहेर थांबलेलो. बाई आधी बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, त्यांनाच बोलू दिलं. बाप म्हणाला, अल्ला करेगा. बाई म्हणाल्या, "करू दे. मलाही तेच पाहिजे." मग सोप्या हिंदीत एक एक सांगितलं, आतडं किती राहिलंय, किडनी का बंद पडतेय, उद्यापर्यंत काय होईल. शेवटी म्हणाल्या, "चमत्कार झाला तर तो मशीन असलं काय, नसलं काय, होईल. नाही झाला तर तुम्ही एकटे नाही, मी इथंच आहे." नंतर मी वाचलं की अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या लोकांनी २०१४ साली अशा वेळी कसं बोलावं याचा एक क्रमच मांडलाय: आशा खोडू नका, जिथं माणूस आहे तिथं जाऊन भेटा, मग खरं काय ते समजावून सांगा, आणि काही झालं तरी सोबत सोडणार नाही म्हणून सांगा. बाईंनी तो वाचलाय की नाही, विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नळ्या काढून बाळ आईच्या मांडीवर दिलं. जन्मल्यावर कानात अजान द्यायची राहिली होती, तशीच पेटीत गेली होती पोरगी. आजोबांना आत सोडलं, हात धुऊन, गाऊन घालून. त्यांनी दिली. सिस्टरांनी मॉनिटरचा आवाज बंद केला होता. आम्ही बाकीचे आई-बाप आपापल्या पेटीकडं तोंड करून उभे. त्या दिवशी बिलिंग काउंटरवाल्यानं आजोबांना ज्या सुरात "आधी हिशेब क्लिअर करा" म्हटलं, त्याबद्दल एक आख्खा स्टार कापायचा होता. बाईंनी स्वतः खाली येऊन कागद करून दिले म्हणून अर्धाच कापतो. त्या नवशिक्या डॉक्टराला काय सांगितलं माहीत नाही, पण नंतर तो दारात उभा राहून कुणाशी बोलताना दिसला नाही. खुर्ची ओढून बसायचा.

बाकीचं पटापट. कॅन्टीनचा चहा गोड पाणी. स्टेशनाकडं जाताना टपऱ्या आहेत, तिथं प्या. वेटिंगच्या बाकांवर डास आहेत, कॉइल लावू देत नाहीत (बरोबरच आहे), पातळ चादर आणा. दिवसाचा दर चार आकडी, औषधं-तपासण्या वेगळ्या. रोजचं बिल रोज मागून घ्या, देतात. सरकारी योजनेचं आरोग्यमित्राच्या टेबलावर पहिल्याच दिवशी विचारा, रेशनकार्ड जवळ ठेवा. आईचं दूध काढून द्यायला वेगळी खोली आहे, स्वच्छ आहे, आणि पहिला पिवळा चीक थेंबभर निघाला तरी सिरिंजमध्ये घेऊन बाळाच्या गालाला लावतात, फेकत नाहीत. आमच्या हिला आधी काहीच येईना, तेव्हा दुधाच्या बँकेचा विषय निघाला. आशियातली अशी पहिली बँक १९८९ साली मुंबईत सायन हॉस्पिटलला डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी काढली, हे इथल्या भिंतीवरच्या पोस्टरवर आहे. खुद्द या हॉस्पिटलात मात्र बँक नाही. असायला हवी. नुसतं पोस्टर लावून दूध येत नाही.

डोळे तपासणारे डॉक्टर बाहेरून येतात, आठवड्यातून एकदा. हे आधीच विचारून घ्या. बाराशे ग्रॅमच्या आतल्या बाळाचे डोळे दोन-तीन आठवड्यांत बघायलाच लागतात. पडद्याचं दुखणं वाढलं तर वेळ फार थोडा मिळतो. आमच्या पोरीला पहिली पायरी निघाली होती, आपोआप ओसरली. आईनं त्यालाही चमत्कार म्हटलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पहिल्या पायरीची बहुतेक ओसरतातच, आजी. आई म्हणाली, तुम्ही गप बसा. ते खरंच गप बसले आणि पुढची तारीख लिहून दिली, कारण ओसरली तरी पडदा पुरा भरेपर्यंत तपासत राहायचं असतं. असा डॉक्टर मला आवडतो. आईशी वाद घातला नाही आणि तारीखही चुकवू दिली नाही.

घरी सोडताना पोरगी पावणेदोन किलोच्या आसपास होती. जतच्या सिस्टरनं लिंबू-मिरची उतरवली, हॉस्पिटलच्या हद्दीबाहेर, रस्त्याच्या त्या बाजूला. आणि उतरवता उतरवता आम्हाला सांगत होती की लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, मान धरणं-बसणं मात्र डिलिव्हरीच्या मूळ अपेक्षित तारखेपासून मोजायचं, आणि महिनाभर तरी घरी कुणी खोकणारा पाहुणा आत घ्यायचा नाही.

पाचात चार. कांगारूच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या आरामखुर्चीचा मागचा पाय तुटलाय, खाली विटा लावल्यात. तिच्यावर बसू नका, दुसरी मागून घ्या. फॉलोअपच्या दिवशी टोकन सकाळी लवकर घ्या, कर्नाटकातल्या गाड्या आल्या की रांग जिन्यापर्यंत जाते.